प्लेगकालीन मुंबई-पुण्यातील शुश्रूषा आणि सांस्कृतिक जाणीव (१८९६–१८९८)

प्रस्तावना :

रुग्णाची शुश्रूषा हे केवळ वैद्यकीय कर्म नव्हे. रुग्णाला पाणी कोणाच्या हातचे मिळते, अन्न कोणी शिजवलेले असते, त्याचे अंग कोणाच्या देखत उघडे केले जाते आणि अखेरच्या घटकेला त्याच्या उशाशी कोण असते, या प्रश्नांना प्रत्येक समाजात रूढीने ठरलेली उत्तरे असतात. घरातील आजारपणात ती उत्तरे गृहीत धरलेली असतात. रुग्ण घराबाहेर, परक्या व्यवस्थेच्या स्वाधीन होतो तेव्हाच ती प्रश्न म्हणून समोर येतात.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परिचर्याशास्त्राने या प्रश्नांना सैद्धांतिक रूप दिले. अमेरिकेतील परिचारिका व मानवशास्त्रज्ञ मॅडलिन लेनिंजर (१९२५–२०१२) यांनी 'आंतरसांस्कृतिक परिचर्या' ही ज्ञानशाखा उभी केली. रुग्णाच्या श्रद्धा, आहार व चालीरीती यांचे ज्ञान परिचारिकेला असले पाहिजे, हे तिचे मुख्य सूत्र होय. न्यूझीलंडमधील माओरी परिचारिका व विचारवंत इरिहापेटी रॅम्सडेन (१९४६–२००३) यांनी त्यापुढे जाऊन 'सांस्कृतिक सुरक्षितता' ही संकल्पना मांडली. न्यूझीलंडच्या परिचर्या परिषदेने १९९२ मध्ये परिचर्येच्या शिक्षणात तिचा स्वीकार केला. रुग्णाच्या चालीरीतींची माहिती असणे पुरेसे नाही. शुश्रूषा करणारी व्यक्ती आणि रुग्ण यांच्यातील सत्तेचे नाते तपासले पाहिजे, आणि मिळालेली सेवा सुरक्षित होती की नाही हे सेवा घेणाऱ्यानेच ठरवले पाहिजे, असे रॅम्सडेन यांचे प्रतिपादन होते.

या दोन भूमिकांमधील अंतर समजून घेण्यासाठी महाराष्ट्राच्या इतिहासातच एक बोलके उदाहरण उपलब्ध आहे. १८९६ ते १८९८ या काळातील प्लेगच्या साथीत मुंबई व पुणे येथे हजारो रुग्ण प्रथमच घरातून उचलून रुग्णालयात नेले गेले. त्यातून झालेल्या संघर्षाची चर्चा राजकीय इतिहासात पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत निबंधात त्याच घटनांचा विचार शुश्रूषेच्या दृष्टीने केला आहे. शासनाने अखेरीस लोकांच्या धार्मिक व जातीय भावनांना वाव दिला आणि त्यामुळे रुग्णालयाविषयीचा विरोध काही अंशी निवळला. मात्र ही सवलत जातीच्या चौकटीतून आणि जातीच्या पैशातून दिली गेली. त्यामुळे ज्यांच्यापाशी यांपैकी काहीच नव्हते ते तिच्या बाहेर राहिले, असे या अभ्यासातून दिसून येते.

साथीचे आगमन आणि शासकीय उपाय :

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी महापालिका आयुक्त स्नो यांनी जाहीरनामा काढला. संशयित रुग्णास सक्तीने रुग्णालयात हलविण्याचा आणि घरे निर्जंतुक करण्याचा अधिकार त्याद्वारे प्रशासनाने घेतला. पुढे ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. प्रवाशांची तपासणी, घरांची झडती, रुग्णांचे व त्यांच्या आप्तांचे विलगीकरण या सर्व उपायांस त्याने कायद्याचे बळ दिले. १८९१ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. त्यांपैकी सुमारे पावणेचार लाख लोक फेब्रुवारी १८९७ पर्यंत शहर सोडून गेले होते. त्यांना रोगाची जेवढी धास्ती होती, तेवढीच उपायांचीही होती.

येथे तत्कालीन वैद्यकाच्या मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. प्लेगच्या जंतूचा शोध १८९४ मध्ये हाँगकाँग येथे लागला होता. पण तो माणसापर्यंत कसा पोहोचतो हे निश्चित झालेले नव्हते. पिसवांच्या द्वारे उंदरांकडून माणसास लागण होते, हे पॉल-लुई सिमोन्द यांनी १८९८ मध्ये कराची येथील प्रयोगांतून दाखविले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे गेली. तोपर्यंत रुग्णाचा सहवास हेच संसर्गाचे मूळ मानले जात होते. रुग्णाला आप्तांपासून तोडण्याच्या साऱ्या व्यवस्थेचा आधार हा समज होता. फुफ्फुसाचा प्लेग सोडल्यास तो समज चुकीचा ठरला.

दुसरी मर्यादा उपचारांची होती. प्रतिजैविके उपलब्ध होण्यास अजून कित्येक दशके अवकाश होता. हाफकिन यांची लस जानेवारी १८९७ मध्ये तयार झाली. तथापि ती प्रतिबंधासाठी होती, रोग झाल्यावर तिचा उपयोग नव्हता. ताप उतरविण्यासाठी गार पाण्याच्या घड्या, गाठींवर पोटीस, हृदयाला उत्तेजक औषधे, वेळोवेळी पातळ आहार आणि भ्रम झालेल्या रुग्णावर सतत लक्ष, एवढेच करण्याजोगे होते. म्हणजे प्लेगच्या रुग्णालयात उपचार म्हणून जे होते ते प्रामुख्याने शुश्रूषेच्या स्वरूपाचे होते. घरी आई, पत्नी किंवा बहीण जे करत असे तेच रुग्णालयात परक्या व्यक्तीने करावयाचे होते. म्हणून ती व्यक्ती कोण, हा प्रश्न रुग्णाच्या दृष्टीने गौण नव्हता.

रुग्णालयाची भीती : अज्ञान की अनुभव?

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांच्या जमावाने मुंबईतील आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. दुसऱ्याच दिवशी प्रशासनाला सक्तीच्या नियमांत शिथिलता जाहीर करावी लागली. त्या काळात शहरात अनेक अफवा पसरल्या होत्या. रुग्णांना मारून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' नावाचे तेल काढले जाते, अशी एक अफवा होती. राणीच्या पुतळ्यास डांबर फासले गेले म्हणून राणीने मुंबईकरांच्या काळजांची मागणी केली आहे, अशीही एक होती. अधिकाऱ्यांनी या सर्वांचे खापर जनतेच्या अज्ञानावर फोडले.

हे स्पष्टीकरण अपुरे आहे. अफवेतील तपशील असत्य असला, तरी तिच्यामागील अनुभव खरा होता. लोक रुग्णास शक्य तितके दिवस लपवून ठेवत. परिणामी तो रुग्णालयात पोहोचे तेव्हा बहुधा वाचण्यापलीकडे गेलेला असे. रुग्णालयात गेलेला माणूस परत येत नाही, हा समज रोजच्या अनुभवाने दृढ होत होता. मृत्यूनंतर शवविच्छेदन होईल, अंत्यविधी वेळेवर व रीतीप्रमाणे होणार नाहीत, ही धास्ती वेगळीच. मरणासन्न हिंदूच्या मुखात गंगाजळ व तुळशीपत्र घालावयाचे, मुसलमानाच्या कानी कलमा पडावयाचा, पारशाच्या देहाला परधर्मीयाचा स्पर्श होऊ द्यावयाचा नाही. प्रत्येक समाजाचे हे नियम वेगळे होते. पण मरणाच्या वेळी आपले माणूस जवळ असले पाहिजे, ही अपेक्षा सर्वांची समान होती आणि विलगीकरणाने नेमकी तीच मोडली.

तपासणीचा प्रश्न त्याहून नाजूक होता. प्लेगच्या गाठी जांघेत, काखेत व मानेवर येत. त्या शोधणे म्हणजे अंगावरील वस्त्र दूर करणे. रेल्वेच्या फलाटावर किंवा घराच्या अंगणात पुरुष डॉक्टरने वा सैनिकाने स्त्रियांची अशी तपासणी करणे कोणत्याही समाजाला सहन होण्यासारखे नव्हते. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मोठी दंगल उसळली. मदनपुऱ्यातील जुलाहा विणकर वस्तीत बारा वर्षांच्या एका आजारी मुलीच्या तपासणीस घरच्यांनी केलेला विरोध हे तिचे निमित्त होते. या घटनेकडे केवळ कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून पाहिले, तर तिचा गाभा हातून निसटतो. त्या कुटुंबाचा आक्षेप औषधाला नव्हता. परक्या पुरुषाच्या हाताला होता.

ज्ञातिनिहाय रुग्णालये :

मार्च १८९७ मध्ये मुंबईत ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेली. समितीने झडतीचे व विलगीकरणाचे धोरण सोडले नाही. तथापि विविध जमातींच्या पुढाऱ्यांशी सल्लामसलत करून त्यांना स्वतःची रुग्णालये काढण्यास उत्तेजन दिले. पारशी, खोजा, मेमन, जैन इत्यादी समाजांनी आपापल्या निधीतून तात्पुरती प्लेग रुग्णालये उभारली. तेथे स्वयंपाकी आपल्या ज्ञातीचा, पाणी आपल्या माणसाच्या हातचे, भोवतालची भाषा ओळखीची आणि आप्तांना भेटण्याची मोकळीक, अशी व्यवस्था करता येत होती. वैद्यकीय देखरेख व नोंदणी मात्र शासनाच्या नियमांनुसार होती.

या व्यवस्थेने पुष्कळ साध्य केले, हे मान्य केले पाहिजे. रुग्णालय ही मरणाची जागा आहे ही भावना सौम्य झाली. जमातीच्या नेतृत्वाचा शब्द शासकीय जाहीरनाम्यापेक्षा अधिक परिणामकारक ठरतो हेही दिसून आले. तिसरे आगाखान त्या वेळी विशीत होते. हाफकिन यांची लस त्यांनी स्वतः जाहीरपणे टोचून घेतली, तेव्हा खोजा समाजाची भीती दूर होण्यास मोठी मदत झाली. विश्वासाच्या माणसाने मधे पडावे लागते हा धडा पुढील प्रत्येक साथीत उपयोगी पडण्यासारखा होता.

परंतु याच व्यवस्थेची दुसरी बाजूही पाहावी लागते. स्वतंत्र रुग्णालय काढण्यासाठी ज्ञातीची संघटित पंचायत, धनिक देणगीदार आणि शासनदरबारी वजन या तीन गोष्टी लागत. व्यापारी जमातींपाशी त्या होत्या. घाटावरून व कोकणातून आलेला गिरणी कामगार, गोदीतील हमाल, अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील सफाई कामगार यांच्यापाशी त्या नव्हत्या. त्यांच्या वाट्याला सार्वजनिक रुग्णालयच आले. आर्थर रोड रुग्णालयावर चाल करून जाणारे लोक याच वर्गातील होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. शासनाने लोकांच्या 'भावना' ओळखल्या खऱ्या. पण ज्यांच्या भावनांमागे पैसा आणि पुढारपण होते, त्यांच्याच भावना व्यवस्थेत उतरू शकल्या.

शिवाय जमात हे एकजिनसी घटक मानले गेले. प्रत्येक समाजाचे मत म्हणजे त्यातील प्रतिष्ठित पुरुषांचे मत, असे गृहीत धरले गेले. आजारी स्त्रीला काय हवे आहे, हे तिला विचारण्याची सोय त्यात नव्हती. धर्म व ज्ञाती यांची यादी समोर ठेवून सेवा आखण्याच्या पद्धतीतील हा अंगभूत दोष आहे. रॅम्सडेन यांनी जवळजवळ शतकानंतर, वेगळ्या भूमीवर, नेमक्या याच दोषाकडे लक्ष वेधले होते.

पुणे : तीन प्रतिसाद :

पुण्यात डब्ल्यू. सी. रँड यांच्या अध्यक्षतेखालील प्लेग समितीने १८९७ च्या वसंतात डरहॅम लाइट इन्फंट्रीच्या गोऱ्या सैनिकांकरवी घरांच्या झडत्या घेतल्या. देवघर, स्वयंपाकघर, माजघर असा कोणताही भेद त्यांनी पाळला नाही. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ३ जुलै रोजी रँड मरण पावले. या प्रसिद्ध घटनाक्रमामुळे शुश्रूषेच्या क्षेत्रात पुण्याने दिलेले तीन भिन्न प्रतिसाद काहीसे झाकोळले गेले आहेत.

पहिला प्रतिसाद लोकमान्य टिळकांचा. शहर सोडून जाणाऱ्या पुढाऱ्यांवर टीका करून टिळक पुण्यातच राहिले आणि लोकवर्गणीतून हिंदूंसाठी स्वतंत्र प्लेग रुग्णालय उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला. रोगनिवारणाची गरज त्यांना मान्य होती. ते परक्या हाती असू नये, हा त्यांचा आग्रह होता. मुंबईतील ज्ञातिनिहाय रुग्णालयांमागील तत्त्वच येथे अधिक व्यापक धार्मिक ओळखीच्या आधारे मांडले गेले.

दुसरा प्रतिसाद पंडिता रमाबाईंचा. मे १८९७ मध्ये त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात पुण्यातील प्लेग रुग्णालयातील व विलगीकरण छावणीतील स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी पत्र लिहिले. शासनाने त्यांचे आरोप फेटाळले. रमाबाई ख्रिस्ती झाल्या होत्या आणि सनातनी पुण्याशी त्यांचे वैर जगजाहीर होते. तरीही या प्रश्नावर त्या शासनाच्या बाजूने उभ्या राहिल्या नाहीत. त्यांचा मुद्दा धर्माचा अथवा ज्ञातीचा नव्हता. परक्या पुरुषांच्या ताब्यात असलेल्या आजारी, एकट्या स्त्रीच्या अब्रूचा व सुरक्षिततेचा तो होता. रुग्णाच्या सुरक्षिततेचे मोजमाप रुग्णाच्या बाजूने करण्याचा आग्रह त्यांच्या लेखनात स्पष्ट दिसतो.

तिसरा प्रतिसाद सावित्रीबाई फुले यांचा. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळच्या ससाणे मळ्यात प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना सुरू केला. सावित्रीबाई स्वतः रुग्णांना तेथे आणत. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे चरित्रकार नोंदवतात. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या मुलाच्या स्पर्शाचा विटाळ समाज मानत होता, त्याला त्यांनी अंगाखांद्यावर घेतले. या कृतीत जातीच्या भावनांना वाव देण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. कारण त्या भावनाच येथे रुग्णाच्या आड येत होत्या.

तिन्ही प्रतिसाद एकमेकांशेजारी ठेवले असता शुश्रूषेतील 'संस्कृती' या शब्दाचे तीन अर्थ पुढे येतात. टिळकांच्या दृष्टीने संस्कृती म्हणजे जपण्याची सामूहिक ओळख होती. रमाबाईंनी तिच्यापेक्षा व्यक्तीची प्रतिष्ठा अधिक मोलाची मानली. सावित्रीबाईंच्या कृतीने संस्कृतीचाच एक भाग, म्हणजे अस्पृश्यता, शुश्रूषेच्या विरोधी असल्याचे दाखवून दिले. सांस्कृतिक जाणिवेचा विचार करताना यांपैकी पहिलाच अर्थ बहुधा घेतला जातो, ही त्या विचाराची उणीव होय.

शुश्रूषा करणारे हात :

रुग्णाच्या संस्कृतीइतकीच शुश्रूषा करणाऱ्याची सामाजिक ओळखही महत्त्वाची असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई इलाख्यातील प्रशिक्षित परिचारिका प्रामुख्याने युरोपीय, अँग्लो-इंडियन व देशी ख्रिस्ती होत्या. १८८६ मध्ये सुरू झालेल्या मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत या पहिल्या भारतीय स्त्रीने परिचर्येचे प्रशिक्षण घेण्यास प्रारंभ केला, असे परिचर्येच्या इतिहासात नोंदले आहे. मिरज येथे डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय आणि १८९७ मध्ये परिचारिका विद्यालय सुरू केले. या मिशन संस्थांतून देशी ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने या व्यवसायात आल्या.

सवर्ण हिंदू स्त्रिया दूर राहिल्या याची कारणे उघड होती. रक्त, पू, मलमूत्र व शव यांचा स्पर्श विटाळाचा मानला जाई. परपुरुषाच्या देहाची सेवा कुलीन स्त्रीस अशोभनीय समजली जाई. रात्रपाळीला घराबाहेर राहणे तर अकल्पनीयच होते. बाळंतपण करणारी सुईण समाजाला हवी असे, परंतु तिला मान नसे. रुग्णालयातही हीच उतरंड नव्या रूपात उतरली. औषध देणे, नाडी पाहणे, नोंदी ठेवणे हे परिचारिकेचे काम ठरले. भांडी-बेडपॅन उचलणे व फरशी धुणे हे परंपरेने सफाईचे काम लादल्या गेलेल्या जातींकडे गेले. शुश्रूषेचे हे विभाजन कौशल्याच्या आधारे झाले, असे वरकरणी दिसते. प्रत्यक्षात त्यात जातीचा भाग मोठा होता.

ही कोंडी फोडण्याचा संघटित प्रयत्न रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुणे सेवासदनाने केला. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने १९११ च्या सुमारास ससून रुग्णालयाच्या सहकार्याने हिंदू स्त्रियांसाठी परिचर्येचे वर्ग सुरू केले. त्यांत तरुण विधवांचा भरणा होता. ज्या स्त्रीला समाजाने अशुभ ठरवून कोपऱ्यात बसवले, तिलाच रुग्णाच्या उशाशी बसण्याचा अधिकार देण्याचा हा प्रयत्न होता. तथापि बदलाची गती मंदच राहिली. १९४६ मध्ये भोर समितीने आपला अहवाल सादर केला. तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या आणि हे प्रमाण सुमारे ४३,००० लोकांमागे एक असे होते. या तुटवड्यामागे आर्थिक कारणे होती, तशीच स्पर्शाविषयीच्या कल्पनाही होत्या.

समारोप :

मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीत महाराष्ट्र शासनाने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला. रुग्णाचे आप्तांपासून तुटणे, शेवटची भेट न होणे, अंत्यविधी परक्यांच्या हातून होणे, हे सारे सव्वाशे वर्षांनी पुन्हा घडले. या वेळी विलगीकरणास शास्त्राचा अधिक भक्कम आधार होता. परंतु उशाशी कोण, हा प्रश्न तसाच उभा राहिला. आज मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळमधून वा ईशान्य भारतातून आलेल्या परिचारिका विदर्भातील किंवा उत्तर प्रदेशातील रुग्णांची सेवा करतात. भाषा, प्रांत व वंश यांचे अंतर रोज ओलांडले जाते आणि कधी रुग्णाच्या, तर कधी परिचारिकेच्या पदरी अवहेलना येते.

प्लेगकाळाचा अनुभव या संदर्भात दोन गोष्टी शिकवतो. रुग्णाच्या चालीरीतींची कदर केल्याशिवाय उत्तम औषधव्यवस्थाही लोकांपर्यंत पोहोचत नाही, ही पहिली. आर्थर रोड व मदनपुरा येथील घटना तिची साक्ष देतात. दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. चालीरीतींची कदर ही समाजातील विद्यमान उतरंडीच्या हाती सोपवली, तर ती कदर काहींनाच मिळते आणि उरलेल्यांना संस्कृतीच्या नावानेच दूर ठेवले जाते. परिचर्येच्या अभ्यासक्रमात धर्मवार आहार व विधी यांची माहिती देणे उपयुक्त आहे. परंतु या रुग्णाच्या वतीने कोण बोलत आहे, आणि ज्याच्या वतीने बोलणारा कोणीच नाही त्याचे काय, हे दोन प्रश्न विचारण्याची सवय लावल्याशिवाय ती माहिती अपुरी राहते. मुंढव्याच्या महारवाड्यातील मुलासाठी कोणत्याही ज्ञातीने रुग्णालय काढले नव्हते. त्याच्यापर्यंत पोहोचलेली शुश्रूषा ही सांस्कृतिक जाणिवेचा सर्वांत कठीण आणि म्हणूनच सर्वांत महत्त्वाचा निकष मानावी लागते.